प, सा, ग, ध: सेहेचाळिसाव्या वर्षी युकुलेले शिकताना

सांगलीत पेटी, तबला आणि गाणं शिकवणारे पुष्कळ आहेत. शेजारच्या मिरजेत तर पिढ्यानपिढ्या सतारी आणि तंबोरे घडवले जातात. पण युकुलेले, म्हणजे लहान गिटारीसारखं चार तारांचं वाद्य, शिकवणारं मला आसपास कोणी सापडलं नाही. शेवटी मी ते एका ऑनलाइन गटाबरोबर शिकले. जून २०२३ मध्ये सुरुवात केली आणि गटाचा पहिला टप्पा जानेवारी २०२५ मध्ये पुरा झाला. सुरुवातीला मला जे प्रश्न पडले होते तेच आता मैत्रिणी विचारतात. किती खर्च येतो, काय विकत घ्यायचं, नोकरी सांभाळून जमतं का, न पाहिलेल्या माणसांसमोर वाजवायचं कसं? म्हणून सगळं ओळीने लिहून ठेवते आहे.

माझी पूर्वतयारी सांगते. शाळेत असताना पेटी शिकले होते, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या होत्या. नंतर सगळं सुटलं. आता एका पतसंस्थेत लेखापाल आहे, घरी सासूबाई आहेत, मुलगा बारावीला होता. पेटी पुन्हा काढावी असं मनात येई, पण आमच्या घरात रात्री दहानंतर पेटी वाजवणं शक्य नाही. युकुलेलेचा आवाज दाराबाहेर फारसा जात नाही आणि मला मोकळा वेळ मिळतो तो रात्री दहानंतरच. हे वाद्य निवडण्याचं खरं कारण एवढंच होतं.

गटाची माहिती एका मावसबहिणीकडून कळली. पुण्यातल्या एक ताई तो चालवतात. सभासद पुण्याचे, नागपूरचे, बेळगावचे, मडगावचे, थोडे डॅलसचे आणि मेलबर्नचे. आधी एक अर्ज भरायचा. वय, पूर्वी काही शिकला आहात का, रोज किती वेळ देऊ शकता, कुठल्या पट्टीत गाता, अशी माहिती त्यात विचारली होती. पट्टीचा रकाना पाहून मला फार बरं वाटलं. विचारणाऱ्याला आपलं गाणं माहीत आहे हे त्यातून कळत होतं. अर्जानंतर तीन आठवडे उत्तर नाही. मग निरोप आला की नवी तुकडी जुलैपासून आहे, पहिला महिना फुकट, नंतर महिना ६०० रुपये. नियम एकच पण पक्का: दर महिन्याच्या २५ तारखेपर्यंत आपल्या वादनाचं एक रेकॉर्डिंग पाठवायचं. सलग दोन महिने पाठवलं नाही तर जागा प्रतीक्षायादीतल्या माणसाला.

वाद्य घ्यायच्या आधी गटाने दिलेला सल्ला मी तंतोतंत पाळला, तो इथे देते. युकुलेले मुख्यतः चार आकारांत मिळतं: सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर आणि बॅरिटोन. बॅरिटोनची जुळणी वेगळी असते, म्हणून नवशिक्याने ते घेऊ नये. सोप्रानो सगळ्यात लहान. मोठ्या माणसाची बोटं त्याच्या पडद्यांवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमध्ये, दाटीवाटीने बसतात. कॉन्सर्ट थोडं मोठं, आणि बहुतेक प्रौढांना तेच सोयीचं पडतं. लाकडाच्या बाबतीत, अखंड लाकडाचं वाद्य गोड वाजतं पण पावसाळ्यात आणि कोरड्या उन्हाळ्यात त्याला जपावं लागतं. थर चिकटवून केलेलं लॅमिनेटचं वाद्य हवामानाला दाद देत नाही. मी लॅमिनेटचं कॉन्सर्ट ४,८०० रुपयांना मागवलं. खुंट्यांच्या टोकाला अडकवायचा क्लिप ट्यूनर ३५० रुपये. खेळण्यांच्या दुकानातलं हजार रुपयांचं घेऊ नका, ते सुरात राहत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलाच कान कच्चा आहे.

पहिलं पार्सल आलं ते मानेपाशी तडा गेलेलं. उघडतानाचं चित्रीकरण मागतात हे गटात आधीच सांगितलं होतं, म्हणून केलेलं होतं. तक्रार, फोटो, चित्रीकरण, मग "आमचा प्रतिनिधी संपर्क करेल" हा निरोप, मग चार दिवस शांतता. परत न्यायला माणूस आला तेव्हा मूळ खोकं आणि बिलाची छापील प्रत लागली. दुसरं वाद्य हातात पडेपर्यंत जवळजवळ तीन आठवडे गेले. तोपर्यंत तुकडी सुरू झाली होती, आणि पहिले दोन वर्ग मी हातात काही नसताना नुसते ऐकले. तेव्हा फार खट्टू झाले होते. वाद्य मागवायचं तर वर्ग सुरू होण्याआधी महिनाभर मागवा आणि खोकं फेकू नका.

वर्ग रविवारी सकाळी साडेसातला. तेव्हा मेलबर्नला दुपार असते आणि डॅलसला शनिवारची रात्र. अमेरिकेतलं घड्याळ नोव्हेंबरात तासभर मागे जातं, त्या आठवड्यात कोणीतरी हमखास चुकीच्या वेळेला येऊन बसतं.

ऑनलाइन वर्गात सगळ्यांना एकत्र वाजवता येत नाही. आवाज एका घरून दुसऱ्या घरी पोचायला क्षणाचा अंश लागतो आणि तेवढ्यानेही ताल फाटतो. म्हणून सगळ्यांचे माइक बंद, फक्त ताईंचा सुरू. त्या वाजवणार, आपण आपल्या घरी त्यांच्याबरोबर वाजवणार, आणि आपलं आपल्यालाच ऐकू येणार. सुरुवातीला मला हे फार एकाकी वाटलं. नंतर त्याचा फायदा कळला: बोट चुकलं तरी कोणी ऐकत नाही, म्हणून हात मोकळा होतो. एकेकट्याने वाजवून दाखवायचं असेल तेव्हा झूमच्या सेटिंगमध्ये जाऊन "ओरिजिनल साउंड" सुरू करायचं. नाहीतर ते ॲप तारांच्या आवाजाला गोंगाट समजून दाबून टाकतं.

आता वाद्याबद्दल. युकुलेलेच्या चार तारा जी, सी, ई, ए या पाश्चात्त्य सुरांत जुळवतात. सी म्हणजे पेटीची पांढरी एक. पहिल्या वर्गात ताई म्हणाल्या, "पांढरी एकला सा धरा आणि चारही तारा मोकळ्या वाजवून नावं सांगा." मी पेटीवर सूर लावून ताडून पाहिलं: प, सा, ग, ध. भूप रागाच्या पाच सुरांपैकी चार हात न लावता मिळाले. राहिला रे, तो साच्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर. वरचा सा धच्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर. त्या सकाळी मी आरोह अवरोह वाजवला आणि सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, ही तर भूपाळी झाली!" परदेशी वाद्य म्हणून जो परकेपणा वाटत होता तो तिथेच संपला. ज्यांना सरगम येते त्यांनी पहिल्या दिवशी हेच करून पाहावं. कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांचे, तक्ते नंतर आहेतच.

यात एक वेगळेपण लक्षात ठेवायचं. सगळ्यात वरची, म्हणजे वाजवणाऱ्याच्या हनुवटीकडची पची तार गिटारसारखी खर्जाची नसते, ती सा आणि ग या दोन्हींपेक्षा उंच असते. त्यामुळे तारा ओळीने छेडल्या तर सूर आधी वर, मग एकदम खाली, मग पुन्हा चढत जातो. युकुलेलेचा तो खळाळता आवाज बराचसा यातूनच येतो.

नव्या तारा सुरुवातीला ताणत राहतात आणि उतरतात. पहिला आठवडा मी वाजवण्यापेक्षा जुळवण्यातच घालवला. तारा नायलॉनच्या असतात, गिटारसारख्या पोलादी कधीही लावायच्या नाहीत, त्या ताणाने घोडी, म्हणजे वाद्याच्या पोटावरचा तारांचा आधार, उखडते. बोटांची टोकं पंधरा-वीस दिवस दुखली, मग घट्ट झाली. डाव्या हाताची नखं अगदी मुळाशी कापावी लागतात. उजव्या हातातल्या बांगड्या वाद्यावर घासतात, त्या काढूनच बसते.

ऑगस्टमध्ये कॉर्ड सुरू झाल्या. सी आणि ए मायनर या एका बोटाच्या आहेत, त्यामुळे हुरूप येतो. मग एफ येते आणि हात अडतो. सीवरून एफला जाताना बोटं पूर्ण उचलून दुसरीकडे ठेवावी लागतात. बेळगावच्या काकांनी युक्ती सांगितली: "सीवरनं एफला जाऊ नका, ताई. ए मायनरवरनं जा. मधलं बोट आहे तिथंच ठेवायचं आणि अंगठ्याजवळचं बोट फक्त गच्या तारेवर पहिल्या पडद्यावर टेकवायचं. एफ आली बघा." महिनाभर तेवढंच केलं. आठवडाभरात चार गाणी शिकवणाऱ्या चित्रफिती आंतरजालावर भरपूर आहेत. मी त्या बघायच्या बंद केल्या.

उजव्या हाताचं काम मला डाव्यापेक्षा आवडलं, कारण तिथे आपला ताल उपयोगी पडतो. युकुलेलेवर सगळ्यात रूढ असलेला छेडण्याचा प्रकार असा: खाली, थांब, खाली, वर, थांब, वर, खाली, वर. आठ जागा. केरवा तालाच्याही मात्रा आठच. हात मात्र थांबवायचा नाही, तो लंबकाप्रमाणे वरखाली चालूच राहतो, "थांब" आलं की फक्त तारांना लागत नाही. नागपूरच्या एका तबलजी दादांनी केरव्याच्या ठेक्याचं रेकॉर्डिंग तीन लयींत करून दिलं. मी सगळ्यात सावकाश लय धरून महिने काढले. दादरा तालासाठी सहा जागा: खाली, थांब, खाली, वर, खाली, वर. एवढ्या दोन प्रकारांवर आरत्या, अभंग आणि बरीच भावगीतं निघतात.

पहिलं रेकॉर्डिंग २५ ऑगस्टला पाठवायचं होतं. फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून बसले, आणि लाल दिवा लागला की हात आखडे. पाठवायचं बटण दाबताना छातीत धडधडत होतं हे मी विसरणार नाही. पण या गटात अभिप्राय देण्याची रीत ठरलेली आहे. आधी काय आवडलं ते सांगायचं, मग सुधारणेची एकच गोष्ट, तीही कुठल्या सेकंदाला ते नेमकं लिहून. मला मेलबर्नच्या एका मुलीने लिहिलं होतं, "काकू, ठेका छान धरलाय. बेचाळिसाव्या सेकंदाला एफला पोचायला उशीर होतो, तिथे वाटलं तर कॉर्ड सोडून द्या पण हात थांबवू नका." ती वीस-बावीस वर्षांची असेल. तिच्या या एका वाक्याने माझं वाजवणं बदललं. शिकवणारी व्यक्ती वयाने मोठी हवी हा माझा समज या गटाने पार काढून टाकला.

ऑक्टोबरच्या सुमारास मला वाटू लागलं की पहिल्या पडद्यावरचे सूर चढे लागतात. ट्यूनर मोकळ्या तारेला बरोबर दाखवी, पण पहिल्या पडद्यावर दाबली की काटा उजवीकडे. गटात विचारलं. उत्तर मिळालं की तारा पडद्यांपासून फार उंच असणार, दाबताना त्या ताणतात आणि सूर चढतो. मोजायची पद्धतही सांगितली: बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांतलं अंतर अडीच-तीन मिलिमीटर असावं. माझं चारच्या वर होतं. स्वस्त वाद्यांत हे सर्रास असतं आणि कारागिराकडून दुरुस्त करून घेता येतं.

कारागीर म्हटल्यावर मी वाद्य घेऊन सरळ मिरजेला गेले. दुकानात भोपळ्यांची चळत, अर्ध्या झालेल्या तंबोऱ्यांचे दांडे, लाखेचा वास. वयस्कर चाचा जवारी काढत, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासत, बसले होते. मी संकोचाने पिशवीतून युकुलेले काढलं. त्यांनी ते कानाशी धरून एकेक तार छेडली, मग पहिल्या पडद्यावर दाबून छेडली आणि म्हणाले, "घोडी उंच आहे, ताई. आणि वरच्या पट्टीच्या खाचा उथळ आहेत. वाजवा की जरा, तुमचा हात कसा पडतोय बघू दे." मी भूपाचा आरोह वाजवला. ते मान डोलावत ऐकत होते. घोडीवरची पांढरी पट्टी काढून त्यांनी ती खालून घासली, वरून नाही, कारण वरचा आकार तसाच राहायला हवा. खुंट्यांजवळच्या पट्टीतल्या खाचा बारीक कानशीने जराजरा खोल केल्या, दर वेळी तार लावून ऐकून. एकदम खोल केलं तर तार झणझणते आणि मग पट्टीच बदलावी लागते. दोन तास लागले, ४०० रुपये घेतले. पैसे देताना मी आभार मानले तर म्हणाले, "वाद्य कुठलंही असू दे, सूर एकच."

पुढच्या वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली तेव्हा मला चाचांची ती कानस आठवली. मानांकन योग्यच आहे. पण या गल्लीत आज हातात कानस धरणारी नवी मुलं किती आहेत, ही काळजी मला त्याहून मोठी वाटते. तुमच्याकडे कुठलंही तारवाद्य असेल तर दुरुस्तीला अशा कारागिराकडे जा. त्यांना काम मिळतं, आपलं वाद्य सुरात येतं.

एका रविवारी मडगावच्या बाईंनी या वाद्याचा इतिहास सांगितला. ऑगस्ट १८७९ मध्ये "रावेन्सक्रॅग" नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजूर घेऊन होनोलुलूला पोचलं. त्यात मानुएल नुनेश, आउगुश्तू दियश आणि जुझे दू एश्पिरितू सांतू हे तीन सुतारकाम जाणणारे होते. त्यांनी आपल्याकडच्या लहान गिटारीसारख्या वाद्यावरून हवाईतल्या लाकडात जे घडवायला घेतलं त्यातून युकुलेले झालं. तिथला राजा कालाकौआ याने त्याला आश्रय दिला, आणि १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनानंतर ते अमेरिकाभर पसरलं. बाई म्हणाल्या, "तेच पोर्तुगीज आमच्याकडेही आले. गोव्यात मेंडोलिन आणि व्हायोलिन घरोघर झालं, तिकडे हे झालं." त्यानंतर मला हे वाद्य दूरचा नातेवाईक असल्यासारखं वाटू लागलं.

मार्च २०२४ कठीण गेला. मार्चएंडला आमच्याकडे रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत काम चालतं, त्यात मुलाची बारावीची परीक्षा. फेब्रुवारीचं रेकॉर्डिंग गेलं नव्हतं, मार्चचंही जाईल असं दिसेना, आणि नियमाप्रमाणे जागा जाणार होती. ताईंना तसं कळवलं. त्यांनी नियम सैल केला नाही, पण म्हणाल्या, "गाणं नको. चार तारा जुळवा आणि भूपाचे पाच सूर वाजवून पाठवा. रेकॉर्डिंग म्हणजे रेकॉर्डिंग." २५ मार्चला मी अर्ध्या मिनिटाचं पाठवलं. त्या अर्ध्या मिनिटाने मला गटात ठेवलं. अशा ठिकाणी नाव घालणार असाल तर नियम कडक आहेत का हे आधी विचारा, आणि कडक असतील तरच जा असं मी म्हणेन. सैल गटांतून माणसं न सांगता गळत जातात.

गाण्याच्या पट्टीचाही प्रश्न होता. माझा आवाज काळी चारचा. त्या पट्टीतल्या कॉर्ड युकुलेलेवर अवघड. उपाय सोपा निघाला: पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावायचा आणि पांढरी पाचच्या, म्हणजे जीच्या कॉर्ड वाजवायच्या. सगळं आपोआप अर्ध्या सुराने वर जातं. कॅपो २५० रुपयांना मिळाला. गिटारचा घेऊ नका, तो जड पडतो.

गणेश चतुर्थी ७ सप्टेंबर २०२४ ला होती. त्यासाठी गटाने मिळून आरती करायची ठरली. नागपूरच्या दादांनी ठेका आणि मोजणीसह मूळ ट्रॅक जुलैमध्येच पाठवला. तो एका फोनवर कानात ऐकायचा, दुसरा फोन विमान मोडवर टाकून त्यावर फक्त आपलं वादन घ्यायचं, आणि सुरुवातीला ठरलेल्या मोजणीवर एक टाळी वाजवायची. त्या टाळ्या एकमेकींखाली आणून दादा सगळे तुकडे ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवणार होते. ऑडॅसिटी फुकट आहे. आमच्याकडे त्या दिवसांत कृष्णेचं पाणी वाढलेलं, वीज जात-येत होती. मी पहाटे उठून रेकॉर्डिंग केलं. चतुर्थीला सकाळी पूर्ण झालेली आरती आली. इतके महिने फक्त स्वतःला ऐकलेलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही सगळे एकत्र ऐकू आलो. सासूबाईंनी ती आमच्या गणपतीपुढे फोनवर लावली आणि त्या स्वतः टाळ वाजवत म्हणाल्या.

प्रत्यक्ष भेट रविवार २६ जानेवारी २०२५ ला पुण्यात झाली, डॅलसचे काका भारतात आलेले असताना. एका सभासदाच्या सोसायटीचा हॉल घेतला. सचिवांना पंधरा दिवस आधी लेखी अर्ज, भाडं १,५०० रुपये, अनामत २,०००, ध्वनिक्षेपक लावणार नाही असं लिहून द्यायचं. झेंडावंदन आणि नाश्ता झाल्यावर अकराला हॉल मिळाला. सगळ्यांची वाद्यं जुळवायलाच अर्धा तास गेला, कारण एकाच खोलीत सगळे एकदम तारा छेडत होते. शेवटी पेटीवर सा धरला आणि सगळ्यांनी कानाने जुळवलं. मग आरती सुरू केली. लय वाढत चालली तसं दादांनी तबल्यावरून नजरेने आवरलं आणि सगळे एकदम खाली आले. माइक बंद असताना हे कधी शक्य झालं नसतं. बेळगावच्या काकांनी कुंदा आणला होता. मेलबर्नची मुलगी येऊ शकली नाही, तिने आपली साथ रेकॉर्ड करून पाठवली होती.

दीड वर्षात वाद्य, ट्यूनर, कॅपो, दुरुस्ती, ८५० रुपयांचा तारांचा एक जादा संच आणि गटाची फी धरून मला साधारण सतरा-अठरा हजार रुपये लागले. फी सोडली तर बाकीचा खर्च एकदाच करायचा आहे.

दुसऱ्या टप्प्यात बोटांनी एकेक तार छेडणं आहे. त्यासाठी मी पची तार काढून खालच्या सप्तकातली लावली, म्हणजे भूपात मंद्र पंचम आणि त्याच तारेवर दुसऱ्या पडद्यावर मंद्र धैवत मिळतो. ही तार जाड असते, तिच्यासाठी खाच रुंद करावी लागते, आणि रुंद केलेल्या खाचेत जुनी बारीक तार पुन्हा नीट बसत नाही. म्हणून चाचांकडे वाद्य नेण्याआधी आपल्याला कुठली तार हवी ते ठरवून जा.